वाळूवरची मुभा

१९७० च्या दशकातला पूर्व जर्मनीचा बाल्टिक किनारा. शाळांना उन्हाळी सुट्या लागलेल्या आणि प्रेरो गावाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांत तंबूला तंबू लागलेले. बाया-पुरुष, म्हातारेकोतारे, पोरंसोरं अंगावर सूतभरही कपडा न ठेवता दिवसभर पाण्यात डुंबत, वाळूत चेंडू खेळत, तसंच गोलात बसून डबे उघडत. कुणी कुणाकडे वळून बघत नसे आणि पोलीसही हटकत नसत. त्याच माणसांपैकी एखाद्यानं हवा भरलेली रबरी गादी समुद्रात लोटली असती, तर मात्र त्याची चौकशी झाली असती. गादीवर आडवं होऊन कुणी डेन्मार्ककडे किंवा पश्चिम जर्मनीकडे निसटेल, या भीतीनं समुद्रात हवेच्या गाद्या न्यायला बंदी होती. किनाऱ्यावर सरहद्द दलाचे टेहळणी मनोरे होते आणि रात्री सर्चलाइटचे झोत पाण्यावरून फिरत. त्या पाण्यातून पळून जायचा प्रयत्न हजारो लोकांनी केला आणि शंभराहून अधिक माणसं त्यात प्राणाला मुकली.

ज्या सरकारला रबरी गादीचं भय वाटत होतं, त्यानं लोकांना इतकं उघडं कसं राहू दिलं? सोपं उत्तर असं दिलं जातं की हुकूमशाहीनं जनतेला दिलेलं ते खेळणं होतं. मला ते पटत नाही. १९५४ मध्ये याच सरकारनं याच किनाऱ्यावर नग्न स्नानाला बंदी घातली होती आणि दोन वर्षांत ती उठवावी लागली. पूर्व जर्मनीच्या ४० वर्षांत सामान्य माणसांनी सरकारला पाऊल मागे घ्यायला लावलं असे प्रसंग फार थोडे आहेत. हा त्यातला एक, आणि म्हणूनच त्याचा इतिहास नीट सांगायला हवा.

उघड्या अंगाला आरोग्याचा आणि विचारांचा आधार देणारी चळवळ जर्मनीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. धुरानं काळवंडलेली कारखान्यांची शहरं, कोंदट चाळवजा घरं, क्षयाची साथ, बरगड्या आवळणारे कॉर्सेट, हे सगळं आजूबाजूला होतं. त्यावर ऊन, वारा आणि पाणी हाच उपाय, असं मानणारे अनेक पंथ तेव्हा निघाले. कोणी मांसाहार सोडला, कोणी रानात वसाहती केल्या, कोणी कपडे उतरवले. १८९८ मध्ये एसेन या पोलादाच्या शहरात नग्नतावाद्यांची जर्मनीतली पहिली संस्था निघाल्याची नोंद आहे. पुढे या विचाराला 'फ्रायक्योर्परकुल्टूर' म्हणजे मुक्त देहाची संस्कृती असं नाव पडलं आणि लोकांच्या तोंडी त्याची 'एफकेके' ही तीन अक्षरं बसली.

मराठी वाचकासाठी इथं एक नोंद करायलाच हवी. एसेनच्या सात वर्षं आधी, १८९१ मध्ये, आपल्या ठाण्यात चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड या जिल्हा व सत्र न्यायाधीशांनी 'फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट' या नावाची मंडळी काढली होती. सभासद तिघेच. क्रॉफर्ड विधुर होते आणि बाकीचे दोघे एका मिशनऱ्याचे मुलगे. ते माथेरानला आणि तुळशी तलावाकाठी भेटत. अचकट-विचकट बोलायचं नाही, एकमेकांना हात लावायचा नाही, असे त्यांचे नियम होते. इंग्लंडमधले समाजवादी कवी एडवर्ड कार्पेंटर यांना क्रॉफर्ड यांनी लिहिलेल्या पत्रांमुळे ही हकिकत टिकली. वर्षभरात त्यांची रत्नागिरीला बदली झाली, मंडळी मोडली, आणि १८९४ मध्ये ते वारले. आधुनिक नग्नतावादाच्या इतिहासात सर्वांत जुनी ज्ञात संस्था म्हणून आज या ठाण्याच्या त्रिकुटाचं नाव घेतलं जातं.

जर्मनीतली चळवळ मात्र एकजिनसी नव्हती, आणि हे झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. रिशार्ड उंगेव्हिटर आणि हाइनरिश पुडोर या सुरुवातीच्या प्रचारकांच्या लिखाणात निकोप देहाबरोबर 'शुद्ध वंशाची' भाषा येते. पुडोर तर उघड ज्यूद्वेष्टे होते. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बर्लिनचे शिक्षक आडोल्फ कोख. त्यांनी कामगारवस्तीतल्या मुलांच्या वाकलेल्या पाठी आणि खुरटलेल्या छात्या पाहिल्या आणि नग्न व्यायामाचे वर्ग सुरू केले. त्यापायी सरकारी शाळेतली नोकरी गेली. मग त्यांनी स्वतःच्या व्यायामशाळा काढल्या, तिथं डॉक्टरी तपासणी ठेवली, सल्ला केंद्रं चालवली. १९२९ मध्ये बर्लिनला या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली, त्यामागेही तेच होते. गरिबाच्या शरीराविषयी त्यांना वाटणारी कळकळ पुढं बाल्टिकच्या वाळूवर पोचली असं मला वाटतं, जरी तिथं येणाऱ्या बहुतेकांनी कोखांचं नावही ऐकलं नसेल.

समुद्रकिनाऱ्यावरची पहिली अधिकृत जागा १९२० मध्ये उत्तर समुद्रातल्या झ्युल्ट बेटावर मिळाली. बर्लिनच्या भोवतालच्या तळ्यांवरही लोक जमू लागले. कायदा मात्र वारा येईल तसा फिरत राहिला. १९३२ च्या उन्हाळ्यात प्रशियाचं निवडून आलेलं सरकार बरखास्त झालं आणि फ्रान्त्स ब्राख्त हे केंद्राचे प्रतिनिधी म्हणून कारभार पाहू लागले. त्यांनी ऑगस्टमध्ये सार्वजनिक नग्न स्नानाला मनाई केली. सप्टेंबरमध्ये तर पोहण्याचा पोशाख कसा शिवावा हेच हुकमातून सांगितलं: बाईची छाती आणि पोट पूर्ण झाकलेलं हवं, पाठीचा गळा खांद्याच्या फऱ्याखाली उतरता कामा नये, आणि पुरुषांच्या चड्डीला मधोमध कापडाचा जोड हवा. लाखो बेकारांच्या देशात सरकार चड्डीचा जोड मोजतंय हे पाहून लोक पोट धरून हसले. सहा महिन्यांत हसू विरलं. हिटलर सत्तेवर आल्यावर ३ मार्च १९३३ ला त्याचा साथीदार गोरिंगनं या चळवळीविरुद्ध आदेश काढला. समाजवादी मंडळं मोडली गेली, कोखांच्या शाळा बंद पडल्या. वंशशुद्धीची भाषा बोलणाऱ्या गटांनी मात्र नव्या राज्यात जागा मिळवली. १० जुलै १९४२ च्या पोलीस आदेशानं नग्न स्नानाला पुन्हा मर्यादित वाट दिली. संबंध नसलेल्या माणसाच्या दृष्टीस आपण पडणार नाही, असं मानायला कारण असेल तिथं कपड्यांशिवाय पोहायला हरकत नाही, असं त्यात होतं. हे कलम ध्यानात ठेवायला हवं, कारण नाझी राजवट बुडाली तरी त्यातली कल्पना चौदा वर्षांनी दुसऱ्याच झेंड्याखाली परत आली.

युद्ध संपलं आणि देश दुभंगला. बाल्टिकच्या किनाऱ्याचा मोठा पट्टा, म्हणजे र्यूगेन, हिडन्झे, डार्स ही बेटं आणि भूशिरं आणि उझेडोमचा बहुतेक भाग, पूर्वेच्या वाट्याला आला. डार्सला लागून असलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आरेन्सहोप हे गाव आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला उथळ खाडी. तिथल्या उजेडासाठी १८९० च्या दशकापासून चित्रकार येऊन राहत आणि त्यांच्या मागोमाग लेखक, नट, संगीतकार येत. या मंडळींना कपडे काढून पाण्यात उतरायची सवय दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासूनच होती. १९४५ नंतर नव्या राजवटीच्या सांस्कृतिक संघानं हे गाव कलावंतांच्या आणि विचारवंतांच्या विश्रांतीसाठी राखलं. तिथं सुटीला येणारा माणूस हा सरकारला हवाहवासा, जपून ठेवावा असा माणूस होता. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीला फार वजन होतं.

किनाऱ्याची मालकीही याच सुमारास बदलत होती. १० फेब्रुवारी १९५३ ला सरकारनं 'गुलाब' या नाजूक नावाची मोहीम काढली. पोलिसांनी किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या आणि खानावळींच्या वह्या तपासल्या, साठवलेली कॉफी आणि साखर शोधली, मालकांवर आर्थिक गुन्हे लादले. चारशेहून अधिक हॉटेलं आणि अतिथिगृहं काढून घेतली. बरेच मालक तुरुंगात गेले, बरेच पश्चिमेला पळाले. किनाऱ्यावरचं सुटीचं राज्य आता कामगार संघटनेच्या प्रवास विभागाकडे आलं. चार महिन्यांनी, १७ जून १९५३ ला, बर्लिनसह देशभरच्या शहरांत कामगार रस्त्यावर उतरले आणि सोव्हिएत रणगाड्यांनी तो उठाव चिरडला. आपल्याच कामगारांचं भय वाटू लागलेलं सरकार घेऊन पूर्व जर्मनी १९५४ च्या उन्हाळ्यात शिरला.

त्या वर्षी जानेवारीत योहानेस आर. बेखर देशाचे पहिले संस्कृतिमंत्री झाले होते. एके काळचे बंडखोर अभिव्यक्तिवादी कवी, हिटलरच्या काळात मॉस्कोत निर्वासित, पूर्व जर्मनीच्या राष्ट्रगीताचे शब्द त्यांचेच. आरेन्सहोपला त्यांचं येणं-जाणं असे. पक्षाच्या नीतिकल्पना तेव्हा सोवळ्या होत्या. कामगार नीटनेटका, कुटुंबवत्सल, शिस्तीचा हवा. वाळूत नागवी माणसं म्हणजे भांडवलदारी ऱ्हासाची खूण, असं अनेक पुढाऱ्यांना मनापासून वाटे. 'राष्ट्राच्या डोळ्यांवर दया करा' असं बेखर म्हणाल्याचं सांगतात. तक्रारी येतही होत्या आणि त्या सगळ्या खोट्या नव्हत्या. आरेन्सहोपच्या वाळूवर काही गट जर्मनीच्या जुन्या आफ्रिकी वसाहतीच्या नावानं 'कामेरून' उत्सव करत. अंगाला रंग फासून, गळ्यात माळा घालून 'रानटी' लोकांची सोंगं घेत आणि कपड्यातल्या पाहुण्यांना छळत. मला त्या सोंगांत काहीच निरागस दिसत नाही. ज्या माणसांना जर्मनांनी गुलामासारखं राबवलं, त्यांची ती थट्टा होती.

उन्हाळ्याच्या तोंडावर बंदीचा हुकूम आला. किनाऱ्यावर कपडे उतरवणं बेकायदा ठरलं.

या बंदीशी जोडलेली एक गोष्ट जर्मनीत अजून सांगितली जाते. आरेन्सहोपच्या वाळूवरून जाताना बेखरांना एक प्रौढ बाई वर्तमानपत्रानं तोंड झाकून विवस्त्र पहुडलेली दिसली. त्यांनी तिला लाज काढून झापलं आणि 'म्हातारी डुकरीण' म्हटलं. पेपर बाजूला झाला तर खाली आना झेगर्स! नाझींच्या छळछावणीतून पळालेल्या माणसावर 'सातवा क्रूस' ही जगभर गाजलेली कादंबरी लिहिणाऱ्या, देशातल्या सर्वांत मानाच्या लेखिका. पुढे राष्ट्रीय पारितोषिक देताना बेखरांनी 'प्रिय आना' अशी सुरुवात केली, तेव्हा व्यासपीठावरच त्या म्हणाल्या की तुमच्यासाठी मी अजून म्हातारी डुकरीणच. गोष्ट झकास आहे, पण तारखा जुळत नाहीत. झेगर्स यांना राष्ट्रीय पारितोषिक १९५१, १९५९ आणि १९७१ मध्ये मिळालं. बेखर मंत्री झाले १९५४ मध्ये आणि वारले १९५८ मध्ये. पारितोषिकाचा प्रसंग असा घडला असण्याची शक्यता फार कमी. तरी लोकांनी ती जपली, कारण मंत्र्याला भर सभेत कुणीतरी ऐकवलं, हे त्यांना हवं होतं.

खरोखर घडलं ते एवढं नाट्यमय नव्हतं, पण मला ते जास्त मोलाचं वाटतं. लोकांनी पत्रं लिहिली. १९४९ च्या घटनेनं प्रत्येक नागरिकाला अर्ज करायचा अधिकार दिला होता. निवडणुकीत पर्याय नाही, वर्तमानपत्रात विरोधी मजकूर नाही, अशा देशात गाऱ्हाणं मांडायची तीच एक वाट होती. घराचं छप्पर गळतं, दुकानात लहान मुलांचे बूट नाहीत, अशा विषयांवर लोक असे अर्ज करत. आता त्यांनी समुद्रस्नानावर केले. बर्लिनच्या मंत्रालयांत आणि रोस्टॉकच्या जिल्हा कचेरीत पत्रांचे गठ्ठे येऊन पडले. लिहिणाऱ्यांत डॉक्टर होते, शिक्षक होते, कलावंत होते, आणि पक्षाचे सभासदही होते.

या पत्रांतला युक्तिवाद हुशारीचा होता. ही चैन नाही, ही कामगार चळवळीची जुनी परंपरा आहे, असं त्यात मांडलेलं असे. समाजवादी कामगारांनी दारिद्र्यातून वर येताना उन्हात अंग शेकायचा हक्क मिळवला आहे. आणि ही बंदी आधी कुणी घातली होती? १९३३ मध्ये नाझींनी. फॅसिझमविरोधी म्हणवणाऱ्या राज्यानं गोरिंगचा हुकूम पुन्हा चालवावा का? सरकारच्याच तोंडची भाषा घेऊन त्याला उत्तर देणं, ही बंदिस्त समाजातल्या माणसाची जुनी युक्ती आहे. पण ती नुसती युक्ती नव्हती. अनेकांसाठी हे शब्दशः खरं होतं. १९२० च्या दशकात कामगारांच्या मंडळांत पोहायला शिकलेली पिढी तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होती. तिनं हिटलरचा काळ सोसला होता, आणि आपल्याच पक्षाकडून तिला ही वागणूक अपेक्षित नव्हती.

पत्रांबरोबर दुसरंही चालू होतं: लोक बंदी मोडून कपडे काढतच होते. वाळूच्या टेकड्या लांबवर पसरलेल्या, पोलीस मोजके. ज्यांना हटकायचं ते बर्लिनच्या इस्पितळातले नावाजलेले डॉक्टर किंवा राजधानीतले नट. असल्या माणसांना दंड करायचा आणि मग ती पश्चिमेला निघून गेली तर? १९५४ मध्ये बर्लिनची हद्द उघडी होती, भिंत यायला सात वर्षं अवकाश होता. देश सोडून जाणाऱ्या शिकलेल्या माणसांची सरकारला आधीच चिंता होती.

शेवटी १८ मे १९५६ ला गृहखात्यानं मोकळ्या पाण्यातल्या स्नानाविषयी आदेश काढला. सार्वजनिक जागी कपड्यांशिवाय पोहता येईल, पण दोन ठिकाणी: जिथं संबंध नसलेल्या माणसाच्या दृष्टीस पडायची शक्यता नाही तिथं, किंवा स्थानिक कौन्सिलनं त्यासाठी नेमून दिलेल्या आणि पाटी लावून दाखवलेल्या पट्ट्यात. पहिल्या वाटेवर १९४२ च्या आदेशाची छाप स्वच्छ दिसते. दुसऱ्या वाटेचं महत्त्व त्याहून मोठं. गावोगावच्या कौन्सिलला अधिकार मिळाला, आणि जिथं लोक जमत होते तिथंच पाट्या लागू लागल्या. कायद्यानं वाळूवर नवी रेघ आखली नाही, लोकांनी आधीच आखलेली रेघ मान्य केली.

सरकार वाकलं ते केवळ अर्जांमुळे, असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं स्टॅलिनच्या अत्याचारांवर बोट ठेवलं होतं आणि पूर्व युरोपभर पकड जराशी ढिली झाली होती. शिवाय ही मागणी सत्तेच्या मुळाला हात घालणारी नव्हती. उघड्या अंगानं पोहणारा माणूस निवडणूक मागत नव्हता, संप करत नव्हता. अशी मागणी मान्य करणं सरकारला परवडण्यासारखं होतं. तरी ती आपोआप मान्य झाली नाही, कुणीतरी ती मांडावी लागली, त्यावर स्वतःचं नाव आणि पत्ता लिहावा लागला. १७ जूनच्या आठवणी ताज्या असताना सरकारविरुद्धच्या कागदावर सही करायला धैर्य लागत होतं, विषय कितीही साधा असो.

पुढची वाढ मात्र सरकारच्या एका दुसऱ्याच हुकमामुळे झाली, आणि या इतिहासातला हा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. पूर्व जर्मनीत स्वतंत्र संघटना काढायला परवानगी नव्हती. नग्नतावाद्यांच्या जुन्या मंडळांनाही मान्यता मिळाली नाही. पश्चिम जर्मनीत १९४९ मध्येच त्यांचा महासंघ उभा राहिला. झ्युल्टसारखे मोकळे किनारे तिथंही होते, पण तिथल्या मंडळांना कुंपणाचे मळे होते, वर्गणी होती, सभासदांच्या याद्या आणि घटना-नियम होते. पूर्वेत मंडळच नाही, म्हणून वर्गणी नाही, कुंपण नाही, आणि आत यायला कुणाची शिफारसही नाही. तत्त्वज्ञान पटलंच पाहिजे असंही नव्हतं. तंबू ठोकायचा, कपडे खुंटीला टांगायचे, पाण्यात जायचं. ज्या बंदीनं चळवळ मोडायची होती, तिनं ती मूठभर निष्ठावंतांच्या हातून काढून साऱ्या देशाच्या हाती दिली.

१९६० च्या दशकात तंबूतली सुटी वाढली, कारण कामगार संघटनेच्या विश्रांतिगृहात जागा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. भिंत उभी राहिल्यावर इटली-स्पेनचे रस्ते बंद झाले, तेव्हा सगळा देश आपल्याच समुद्राकडे वळला. १९७० च्या दशकात हे इतकं रुजलं की कपड्यातलेच लोक वेगळे दिसू लागले. त्यांना 'टेक्स्टिल' म्हणत आणि त्यांच्या पट्ट्याला टेक्स्टिल किनारा. १९८२ मध्ये सरकारी प्रवास-प्रकाशनगृहानं कपड्यांशिवाय पोहण्याच्या जागांची मार्गदर्शिका छापली. तिच्यात बाल्टिकपासून दक्षिणेकडच्या धरणांपर्यंतची ठिकाणं होती. १९५४ मध्ये ज्यासाठी दंड होत होता, त्याचा पत्ता २८ वर्षांनी सरकारच छापून विकत होतं.

तिथं सगळं सुरेख होतं असं मानू नये. गुप्त पोलिसांची नजर किनाऱ्यावरही होती. आणि सगळे उघडे असताना एकट्यानं कपड्यात बसायचं, याचं दडपण एखाद्या लाजऱ्या पोरीवर येतच असणार. तरी त्या पिढीच्या बायका जेव्हा आठवणी सांगतात, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ओघळलेलं पोट, बाळंतपणाच्या खुणा, शस्त्रक्रियेचे व्रण हे सगळं तिथं रोजचं दृश्य होतं, त्यामुळे आपल्या अंगाची लाज वाटायचं कारण उरत नसे. शरीराला विक्रीचा माल करणारा जाहिरातींचा बाजार तिथं नव्हता, हेही खरं. 'दास मागाझिन' या लोकप्रिय मासिकात १९५४ पासून दर अंकात एका नग्न स्त्रीचं छायाचित्र असे, म्हणजे पुरुषी नजर तिथंही होती. पण किनाऱ्यावर ती बोथट होई. पश्चिम जर्मनीचे पूर्व बर्लिनमधले पहिले प्रतिनिधी ग्युंटर गाउस यांनी या समाजाला कोनाड्यांचा समाज म्हटलं होतं. राज्याच्या मोठ्या दालनात माणसं ठरलेली वाक्यं बोलत आणि घरच्या, बागेच्या, मित्रांच्या कोनाड्यात खरं जगत. बाल्टिकची वाळू हा त्यातला सर्वांत लांबरुंद कोनाडा होता. तिथं गणवेश नव्हता, छातीवर पक्षाचा बिल्ला लावायला जागा नव्हती. कारखान्याचा संचालक आणि त्याचा फिटर पाण्यात सारखेच दिसत.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली. पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेची कुटुंबं मोटारी घेऊन या किनाऱ्यावर आली आणि चकित झाली. तिकडे ज्याला पाटी असलेलं राखीव आवार लागे, ते इकडे गावाच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर चालू होतं. ३ ऑक्टोबर १९९० ला पूर्व जर्मनी हा देश उरला नाही आणि पश्चिमेचा कायदा लागू झाला. त्या कायद्यात नुसतं विवस्त्र असणं हा फौजदारी गुन्हा नाही. पण सभ्यतेला धरून नसलेल्या वागण्यानं लोकांना त्रास झाला तर दंड करता येतो आणि कुठला पट्टा कुणासाठी हे गावानं ठरवायचं. आता गावं हॉटेलांच्या उत्पन्नावर जगणार होती, आणि हॉटेलात येणारा पाहुणा पश्चिमेचा होता. हॉटेलांसमोरची, रस्त्याजवळची चांगली वाळू एकेक करून कपड्यातल्यांकडे गेली आणि नग्न स्नानाच्या पाट्या गावाबाहेर सरकल्या. वर्तमानपत्रांनी या तंट्याला 'चड्ड्यांचं युद्ध' म्हटलं. नोकरी गेली, कारखाना विकला गेला, आणि आता चाळीस वर्षांची आपली वाळूही. पूर्वेच्या लोकांचा राग त्या वेळी याच क्रमानं साठत गेला. हुकूमशाहीकडून लढून घेतलेली एक जागा बाजारानं विनासायास घेतली, याचं दुःख मला खरं वाटतं. ज्यांनी लोकशाहीसाठी १९८९ मध्ये मोर्चे काढले, त्यांतले कितीतरी याच वाळूवर वाढलेले होते.

डिसेंबर २००७ मध्ये पोलंड शेंगेन करारात आला आणि उझेडोम बेटावरची जर्मन-पोलिश हद्द उघडली. श्विनोउय्श्चेहून किनाऱ्यानं फिरायला निघालेली पोलिश कुटुंबं आल्बेकजवळ जर्मन नग्न किनाऱ्यात येऊन पोचू लागली. मोठी कॅथलिक परंपरा असलेल्या देशातल्या त्या माणसांना धक्का बसला, जर्मन म्हणाले आम्ही इथं कधीपासून आहोत. दोन्हीकडच्या वर्तमानपत्रांत वाद झाला. १९४२ आणि १९५६ च्या आदेशांतला 'संबंध नसलेला माणूस' अखेर समोर येऊन उभा राहिला होता, आणि त्याची अडचणही खोटी नव्हती.

आज तरुण पिढी पाठ फिरवते आहे. हातातल्या फोनचा कॅमेरा हे त्यातलं एक मोठं कारण. कुणी गुपचूप काढलेलं छायाचित्र कुठं जाईल याचा भरवसा कुणाला? २०२४ मध्ये जर्मन नग्नतावादी महासंघाला ७५ वर्षं झाली, तेव्हा पुरेशी माणसं नाव नोंदवेनात म्हणून सोहळा रद्द करावा लागला. पण पुढच्या वर्षी रोस्टॉक शहरानं, ज्याच्या जिल्हा कचेरीत सत्तर वर्षांपूर्वी पत्रांचे गठ्ठे पडले होते, किनाऱ्याचे नियम बदलले. नग्न स्नानासाठी राखलेल्या पट्ट्यात कपडे घालून येऊन बसणाऱ्यांना तिथून उठवायचा अधिकार आता किनाऱ्यावरच्या कर्मचाऱ्यांना आहे. तक्रार या वेळी उलट्या बाजूनं आली होती: कपड्यातले लोक आमच्यात येऊन बसतात आणि बघत राहतात. शहरानं ती मान्य केली. मिश्र पट्ट्यांत ज्याला जसं हवं तसं, टेक्स्टिल पट्ट्यात कपड्यांसह, आणि राखीव पट्ट्यात कपड्यांशिवाय, अशी ही आजची वाटणी आहे.